त्या दिवशी चंद्र किती होता

मी मेलेल्या माणसांसाठी आभाळ म्हणत असे. हा माझा धंदा होता. ज्या अंकासाठी हे लिहिते आहे त्याच्या संपादकांनी सुचवलं की धंदा म्हणू नका, सेवा म्हणा. पण गाणं संपल्यावर मी सुपातली ज्वारी पदरात घेऊन घरी येत असे आणि त्याच ज्वारीची भाकरी खात असे. त्याला सेवा म्हणायची मला सवय नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. त्यामुळे इथे भारी वाक्यं सापडणार नाहीत. जे केलं ते सांगते.

सोलापुरात आमच्या भागातल्या गल्ल्यांतून माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी सकाळी पुरुष मसणात जात. काही घरांत राख सावडायला, काही घरांत माती दिलेल्या जागी दूध घालायला. घरात बायका उरत. पुरुष परत येईपर्यंतचा तो वेळ फार वाईट. आंघोळी झालेल्या असतात, चूल थंड असते, कुणी कुणाकडे बघत नाही. त्या वेळात मला बोलावणं येई. ‘चन्नव्वाला आभाळ म्हणायला सांगा,’ असं म्हणत. मी जाऊन दिव्याजवळ बसायची. काशाची एक वाटी उपडी घालून तिच्यावर बोटाने ताल धरायची. एवढंच साहित्य.

गाण्यात गेलेलं माणूस आभाळात निघायचं. घरचा कर्ता म्हातारा असला तर सूर्य मावळायचा. लेकुरवाळी बाई असली तर चंद्राला खळं पडायचं. तान्हं मूल असलं तर चांदणी निखळायची, आणि तरणा पोरगा असला तर भर दुपारी अंधारून यायचं. चंद्र, सूर्य, शुक्र, ग्रहण, ढग हे माझं दुकान. माल सगळ्यांच्या डोक्यावर फुकट टांगलेला होता. तो मांडायचे तेवढे मला मिळत.

लोक विचारत, एवढं आभाळ कशाला लागतं? तर त्याचं असं आहे. आमच्याकडची घरं म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. त्या खोलीत बाई रडते तेव्हा तिला आपलंच रडणं लाज आणतं. शेजारचे ऐकतील, पोरं घाबरतील. मग मी चंद्र काढते, चांदण्या काढते, आणि तिला वाटतं की आपल्याला झालंय ते खरंच एवढं मोठं आहे. मग ती मोकळी रडते. रडून झालं की उठून चूल पेटवते. चूल पेटली की माझं काम झालं, मी उठायची. गाणं चांगलं झालं की नाही ते मी चुलीवरून ओळखत असे.

मेलेलं माणूस चांदणी होतं असं मी कित्येक घरांत गायले. मी स्वतः ते कधी मानलं नाही. मेलेलं माणूस मातीत असतं. पण हलवायाला रोज पेढे खावेच लागतात असं थोडंच आहे?

हे काम मला माझ्या आत्याने शिकवलं. तिचं नाव इरव्वा. मला नवरा होता, तो लवकर गेला. मी इतकी लहान होते की त्याचा चेहरा आठवत नाही. माहेरी दुधनीकडे मला ठेवून घ्यायला कुणी राजी नव्हतं. आत्या सोलापूरहून आली आणि म्हणाली, “चल, दोन भाकऱ्या खाशील आणि बोलशील कमी.” मी दोन्ही केलं.

आत्याने मला चाली शिकवल्या. मराठी घरी मराठी, कानडी घरी कानडी. चाली कुणालाही येतील. खरं शिकवलं ते विचारायला. गाण्याआधी घरातल्या मोठ्या बाईला विचारायचं असे. माणूस कोणत्या वेळी गेलं? त्या दिवशी चंद्र किती होता? मागं कोण आहे? आणि शेवटी, पुढं कोण कोण गेलंय? पुढं म्हणजे त्या घरातली आधी मेलेली माणसं. गाण्यात तीच चांदण्या होऊन येणाऱ्याला घ्यायला उभी राहात. मेल्यावर एकटं वाटू नये म्हणून ही सोय. नावं मात्र घरच्या बाईने आपल्या तोंडाने सांगायची. तिने जे नाव सांगितलं ते माणूस मेलं, यावर मग गल्लीत कुणी शंका काढत नसे. आणि ती नावं सांगत असताना तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, वाटीकडे बघायचं, हेही आत्यानेच शिकवलं.

दुसरा नियम असा, की आभाळ खरं पाहिजे. माणूस ज्या वेळी गेलं त्या वेळी वर जे होतं तेच गाण्यात घ्यायचं. अमावस्येला गेलेल्याला चंद्र नाही. पावसाळ्यात गेलेल्याला चांदण्या नाहीत, ढग. लोकांना वाटे, काय फरक पडतो? फरक काय पडतो ते मी एकदा डोळ्यांनी बघितलं.

आत्या तेव्हा थकली होती. विचारायचा कंटाळा करायची. एका माळकरी म्हाताऱ्याच्या घरी तिने न विचारताच सुरुवात केली आणि त्याला पुनवेचा चंद्र दिला. आभाळभर चांदणं सांडलं, वाट उजळली, धनी चालू लागला, असं छान रंगात आलं होतं. आणि म्हाताऱ्याची बायको बसल्या जागेवरून ओरडली,

“कसलं चांदणं गं, रांडे! अंधार व्हता म्हणून तर त्यो हिरीत पडला!”

आधी एक बाई हसली. मग सगळ्या हसल्या. तिसऱ्या दिवशी मर्तिकाच्या घरात बायका तोंडाला पदर लावून हसतायत, आणि म्हातारी आत्याला शिव्या देतेय. बाहेर पुरुष मसणातून परत आलेले, त्यांना आत यावं की नाही कळेना. आत्याने वाटी उचलली, घरी आली आणि ती वाटी माझ्यासमोर ठेवली. परत तिने कधी गायलं नाही. त्या दिवसापासून तिथी कळल्याशिवाय मी तोंड उघडलं नाही.

हा माझा कडकपणा सगळीकडे माहीत झाला. एकदा कापडाच्या पेढीवाल्या एका शेटजींनी मला बोलावलं. त्यांची आई गेली होती. ते स्वतः मसणात जायच्या आधी थांबले आणि मला म्हणाले, “सूर्य घाला.”

मी म्हटलं, “बायकांना सूर्य नसतो, शेटजी.”

“का नसतो?”

“रीत न्हाय.”

“पेढी कुणी चालवली? आमच्या वडिलांनी? वडील तक्क्याला टेकून पान खायचे.”

मी आत जाऊन बायकांना विचारलं. त्या म्हणाल्या, खरं आहे, म्हातारीच्या कमरेला किल्ल्या होत्या, नातवंडंसुद्धा तिच्या पावलाचा आवाज आला की गप्प बसत. गेली कधी, तर दिवस डोक्यावर आला तेव्हा. मग मी सूर्य घातला. एक सून नंतर हळूच म्हणाली, “बरोबर घातलासा. लई भाजायच्या आमाला.” असो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते.

आमच्या गल्लीत काशव्वा नावाची विधवा राहायची. तिचा मुलगा सिद्राम गिरणीत मागावर होता. त्याची बायको भागीरथी, तिला सगळे भागू म्हणत. मूल नव्हतं. एका खोलीत तिघं, आणि घरातून आवाज आला तर तो काशव्वाचा. भागू बोलायची कमी, पण बोलली की लागेल असं. म्हणून माझं तिच्याशी जमलं.

तीस सालच्या मार्शल लॉच्या उन्हाळ्यात गिरण्या बंद होत्या. शहरात गोळीबार होऊन गेला होता, पुरुष रस्त्यावर दिसले की धरत होते, आणि पुष्कळ लोक घरदार सोडून पळाले होते. सिद्रामच्या घरी पीठ संपलं. तो म्हणाला, रुळाच्या कडेने होटगीपर्यंत चालत जातो, तिथून मामाच्या गावी जाऊन ज्वारी आणतो. सकाळी निघाला. भागू त्याला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. उजाडलं होतं तरी पश्चिमेला चंद्र होता, वाळल्या भाकरीच्या तुकड्यासारखा. सिद्राम तिला म्हणाला, “बघ की, ह्यालाबी घर सापडंना.” आणि गेला.

तो मामाच्या गावी पोचलाच नाही. होटगीला कुणी त्याला बघितला नाही. भागूने तुरुंगात चौकशी केली, दवाखान्यात केली. जिवंतांत नाव नाही, मेलेल्यांत नाव नाही. मार्शल लॉ उठला, गिरण्यांचे भोंगे परत वाजायला लागले, पळालेले पुरुष एकेक करून परत आले. सिद्राम आला नाही.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा काशव्वा माझ्याकडे आली. उंबऱ्यातच बसली.

“चन्नव्वा, सिद्रामचं आभाळ म्हण.”

“मावशी, कधी गेला ते कळलं का?”

“न्हाय.”

“मग चंद्र कुठला म्हणू?”

“कुठलाबी म्हण की. चंद्राला काय धाड भरलीय?”

“तिथीशिवाय मी म्हणत न्हाय. तुमाला ठावं हाय.”

“मी आई हाय त्याची. मला पोटात कळलंय. चुलीम्होरं बसली व्हते, एकदम पोटात खड्डा पडला. त्याच टायमाला गेला त्यो.”

“कोणता दिवस व्हता?”

ती आठवायला लागली. बोटं मोडली, भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, “ते काय ध्यानात ऱ्हातंय व्हय?”

मी म्हटलं, “तळ्यापलीकडं ती दुसरी हाय, तिच्याकडं जावा. ती म्हणंल.”

“ती?” काशव्वा उठली. “ती कुणालाबी पुनव वाटत सुटती. माझ्या लेकाला फुकटची पुनव नगं.”

जाताना वळून म्हणाली, “मला रडायचं हाय गं. ल्योक मेला म्हणून रडले तर सून वसकन् अंगावर येती, आणि न्हाय रडावं तर हितं दगड बसलाय.” आणि छातीवर मूठ मारली.

दुपारी भागू आली. बातमी पोचली होती.

“म्हणणार हायसा का तुमी?”

“न्हाय.”

“का?”

“तिथी न्हाय म्हणून.”

“माझ्यासाठी न्हाय ना?”

“तुज्यासाठी कशाला?”

“मग बरं,” ती म्हणाली. “उपकार नगंत मला.”

मी तिचा राग मानला नाही. माझ्या स्वतःच्या बांगड्या कुणी फोडल्या तेही मला आठवत नाही, इतकी मी लहान होते. भागूला मात्र सगळं कळत होतं. एक गाणं झालं असतं की तिचं कुंकू पुसलं असतं, हात मोकळे झाले असते, आणि पुढे कधी तो दारात उभा राहिला असता तर त्याच्यासमोर ती विधवा म्हणून आली असती. त्यापेक्षा वाट बघणं तिला परवडत होतं.

त्या घरात पुढची वर्षं अशी गेली. भागू गिरणीत कांड्या भरायच्या खात्यात लागली. काशव्वा घरी. आणि एक गंमत सांगते. जी काशव्वा दिवसभर गल्लीत ‘माझा ल्योक मेला’ म्हणत हिंडायची, ती संध्याकाळी जेवायला बसताना सिद्रामचा पाट मांडायची. त्याच्याभोवती बोटाने रांगोळीची एक रेघ ओढायची. आणि जी भागू त्याला मेला म्हणू देत नव्हती, ती त्या पाटावरून खेकसायची.

“कशाला मांडता? मेलाय म्हणता न्हवं?”

“गप ग. आला तर भुईवर बसवू व्हय?”

“आला तर मी मांडीन की.”

“तू कांड्या भर जा.”

मी कधी भाजी द्यायला गेले तर हे ऐकायची. दोघी त्या रिकाम्या पाटाच्या दोन बाजूंना बसून शेंगाचटणी आणि भाकरी खात असत आणि एकमेकींकडे बघत नसत.

काशव्वा येळवशीच्या दिवशी गेली. येळवस आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला असते. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं. ज्यांचं शेत नाही ते दुसऱ्याच्या शेतात जातात. आंबिलाची मडकी, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीची पातेली, पोरं, सगळं बैलगाडीत. गल्ली मोकळी पडते. मला शेत नाही आणि माणसांत बसून जेवायची हौसही नाही, म्हणून मी घरी होते. भागू सासू आजारी म्हणून घरी होती. दुपारपासून काशव्वाला घरघर लागली होती. दिवस बुडाला, दिवेलागणीची वेळ झाली आणि ती गेली. भागूने तिच्या तोंडात पाणी घातलं. मी बाहेर येऊन वर बघितलं. ते माझं कामच होतं. चंद्र नव्हता. चांदण्या एकेक करून उगवत होत्या, थंडीत दिसतात तशा धुतलेल्या. लांबून गाड्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. लोक जेवून, गाणी म्हणत परत येत होते. ते पोचेपर्यंत त्या खोलीत आम्ही दोघी आणि म्हातारी.

शेवटच्या दिवसांत काशव्वाने मला एकदा जवळ बोलावून सांगितलं होतं. “सिद्रामचं येगळं नगं म्हणू. माझ्या आभाळात त्याला घाल. मी आले की माझा ल्योक तितं उभा पायजे.” मी म्हटलं होतं, “नाव मी घेत न्हाय, मावशी. नाव सून सांगंल.” तिने डोळे मिटून घेतले होते.

तिसरा दिवस आला. पुरुष माती दिलेल्या जागी दूध घालायला गेले. खोलीत गल्लीतल्या सगळ्या बायका. भागू दिव्याजवळ, हिरव्या बांगड्या हातात, कपाळाला कुंकू. मी वाटी उपडी घातली आणि विचारायला लागले. कधी गेली, मला माहीत होतं. चंद्र किती होता, तेही माहीत होतं. तरी विचारलं, कारण विचारायची रीत असते. मागं कोण? ती म्हणाली, “मी.”

मग मी विचारलं, “पुढं कोण कोण गेलंय?”

“सासरे,” भागू म्हणाली.

“आणि?”

“दोन नणंदा. पाळण्यातच गेल्या.”

“आणि?”

ती थांबली. पडवीच्या पत्र्यावर कावळ्याच्या पायांचा आवाज येत होता. सगळ्यांना ठाऊक होतं की आता काय अडलंय. नाव घ्यावं तर आत्ता, इथे, सगळ्यांसमोर बांगड्या फुटणार. न घ्यावं तर म्हातारी लेकाशिवाय अंधारात जाणार. शेजारच्या तुळसाबाईला राहवेना.

“अगं, घे की सिद्रामचं नाव! म्हातारी वर जाऊन कुणाला हाका मारंल? कुंकवापायी सासूला अंधारात सोडती का?”

दुसरी म्हणाली, “इतकी वर्सं झाली. आता कुटला यायचा त्यो?”

“तुमी बघितलासा व्हय त्याला मेलेला?” भागू म्हणाली.

मी वाटीकडे बघत होते. मला फक्त तिच्या बांगड्यांचा आवाज आला, एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या धरल्यासारखा.

“अक्का,” ती मला म्हणाली, “एक पाट मोकळा ठेवा.”

“कुणाचा?”

“सासूबाई रोज मांडायच्या त्योच.”

एवढ्या वर्षांत मला असं कुणी सांगितलं नव्हतं. आभाळात रिकामी जागा म्हणायची चाल आत्याने शिकवलेली नव्हती. मी थोडा वेळ नुसताच ताल धरला. चंद्र नाही, म्हणजे अंधार म्हटला. सासरा शुक्राजवळ उभा केला. नणंदा बारीक चांदण्या केल्या. आणि मग जे तोंडात आलं ते असं:

आभाळाच्या अंगणात चांदण्यांची पंगत बसली,
एक पाट रिकामा, त्याची रांगोळी न्हाई पुसली.

पुढे काय म्हणावं मला सुचलं नाही, म्हणून तेच परत म्हटलं आणि थांबले.

कुणी मोकळं रडलं नाही. तुळसाबाई तोंड वाकडं करून बसली होती. माझ्या मापाने गाणं फसलं. पण भागू उठली आणि तिने चूल पेटवली. तेव्हा मी पण उठले.

गल्लीने तिला बरीच वर्षं ऐकवलं. नळावर, वाण्याच्या दुकानात. सासूला एकटी धाडली म्हणून. ती उत्तर द्यायची नाही, आपली पाळी आली की घागर भरायची आणि चालू लागायची. कुंकू मात्र रोज, गिरणीत जाताना आधीपेक्षा मोठं. संध्याकाळी कधी माझ्या उंबऱ्यात येऊन बसायची. आम्ही फार बोलायचो नाही. एकटी दोन माणसं एकत्र बसली म्हणजे एकटेपण जातं असं म्हणतात, तसं काही होत नाही. दोन एकटेपणं शेजारी शेजारी बसतात, एवढंच. पण दिवस बुडायचा तेवढा बुडून जायचा.

गिरणीतल्या कापसाचं तूस तिच्या छातीत गेलं. खोकला लागला. आधी रात्रपाळी सुटली, मग काम सुटलं. मी दोन वेळा पेज घेऊन जायची. एके दिवशी म्हणाली,

“अक्का, माझ्या टायमाला इचारायला तुमी याल. पर सांगायला कोण हाय? म्हणून आत्ताच सांगून ठेवते.”

“सांग.”

“आई. बाप. सासरे. सासूबाई. त्या दोन पोरी.”

“आणि?”

ती हसली, मग बराच वेळ खोकली. “तुमीबी तुळसाबाईसारखंच इचारताय की.”

“माझा धंदाच हाय इचारायचा.”

“न्हाय आणि कुणी.”

“मग पाट म्हणू का मोकळा?”

तिने विचार केला. मला वाटलं होतं, हो म्हणेल.

“नगं,” ती म्हणाली. “पाट तितं मांडला तर त्यो तितं जाईल. हितंच असू दे. तुमच्या घरी न्या.”

“मी काय करू पाटाचं?”

“त्यो आला तर दाराला कुलूप बघंल. कुणीतरी सांगाया पायजे की त्याला.”

“काय सांगू?”

ती भिंतीकडे वळली. मला वाटलं झोपली. मग तिकडूनच म्हणाली, “आधी जेव म्हणावं. मग सांगा.”

ती आषाढात गेली. दिवसभर आभाळ भरलेलं होतं. ती निघताना मी बाहेर जाऊन बघितलं, काही दिसत नव्हतं. ढग होते, म्हणून तिसऱ्या दिवशी ढगच म्हटले. गल्लीतले पुरुष मसणात गेले, त्यांतला एकही तिच्या नात्याचा नव्हता. खोलीत चार बायका, त्यांत तुळसाबाईसुद्धा आली होती. रीत म्हणून मी विचारलं, “पुढं कोण कोण गेलंय?” आणि रीत म्हणून थांबले. उत्तर द्यायला घरचं कुणी नव्हतं. मग मीच विचारलेल्याचं मीच उत्तर दिलं. आई, बाप, सासरे, सासूबाई, दोन पोरी. त्याच्यापुढे थांबले. तुळसाबाईने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

गाणं संपल्यावर चूल पेटवायला त्या घरात कुणी नव्हतं. मी वाटी उचलली, भिंतीला उभा केलेला पाट काखेत मारला आणि घरी आले.

तो धंदा पुढे हळूहळू बसला. लोक भजनी मंडळं बोलवायला लागले, मग कर्णा आला. आता रेडिओवर चंद्र असतो, पण तो फक्त प्रेमात पडलेल्यांना देतात. चालू दे. कुणी शिकायला आलं नाही, मी कुणाच्या मागे लागले नाही. कधी वाटतं, एखादीला तरी चाल द्यायला हवी होती. चालीपेक्षा विचारायचं तरी.

भाचा म्हणतो, आमच्याकडे येऊन राहा, इथे एकटी कशाला मरतेस? घर त्याचं चांगलं आहे, नळ आत आहे. मी जात नाही. का जात नाही ते त्याला सांगून कळणार नाही. भागूच्या खोलीत आता दुसरे लोक राहतात, त्यांना ती माहीत नाही. त्या दाराशी कुणी म्हातारा येऊन उभा राहिला तर ते म्हणतील, कोण पाहिजे? आणि तो निघून जाईल. मेला असेल, बहुतेक मेलाच असेल. पण त्या दिवशी चंद्र किती होता, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

माझ्या वेळी विचारायला कुणी येणार नाही, म्हणून इथेच लिहून ठेवते. बाहेर जाऊन वर बघा. जे असेल ते म्हणा, म्हणता येत नसेल तर नुसतं बघा. पुढं इरव्वा आत्या गेलीय, काशव्वा गेलीय, भागू गेलीय. नवरा गेलाय, त्याचं नाव मला माहीत आहे, चेहरा नाही. सिद्रामचं नाव घ्यायचं नाही. त्याचा पाट माझ्या घरात चुलीच्या बाजूच्या भिंतीला उभा आहे. तो आला तर मांडा. भाकरी टोपल्यात असते. आधी जेवू द्या, मग सांगा.